आत्याची बागेतली झोप

आत्याला झोप यायची ती हातात दाभण असताना. घरी अंथरुणाला पाठ टेकली की मात्र तिचे डोळे टक्क उघडे. मी शाळेसाठी म्हणून तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा सुरुवातीलाच हे माझ्या लक्षात आलं. मला कधी मध्येच जाग आली, तर शेजारी ती छताकडे बघत पडलेली असायची.

"झोप की गं," मी म्हणायचे.

"झोपलेच आहे," ती म्हणायची. "फक्त डोळे मिटलेले नाहीत."

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, दुधाचा टँकर चालवायचे. दिवस मावळताना निघायचे आणि आम्ही सकाळचा चहा घेत असू तेव्हा परत यायचे. नवरा रस्त्यावर असला की आत्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. खालच्या रस्त्याने एखादी मोठी गाडी गेली, की आवाजावरूनच ती ओळखायची, ही रिकामी चाललीय, ही भरलेली आहे, ह्या गाडीचा ब्रेक बरा नाही. सकाळी आतोबा आले, की खोलीतली एकुलती एक कॉट त्यांची. खिडकीवर जाड कापड सोडायचं, दाराची कडी वाजते म्हणून कडीला चिंधी गुंडाळायची, चमचा ठेवायचा तोही फडक्यावर. दिवसा त्या खोलीत आम्ही दोघी मांजराच्या पावलांनी फिरायचो. आतोबा रागीट होते असं मुळीच नाही. पण झोप अपुरी राहिलेला माणूस आज रात्री गाडी चालवणार आहे, ही गोष्ट आत्या क्षणभरही विसरायची नाही. आतोबांची झोप ती दुधासारखी सांभाळायची, उतू जाऊ द्यायची नाही.

ती कामाला होती गाद्यांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, आणि तिच्या मागच्या अंगाला कापूस पिंजायचं यंत्र. यंत्र सुरू झालं की खोलीभर बारीक तंतू तरंगायचे. समोर बसलेल्या बाईचा चेहरा धुक्यातून दिसावा तसा दिसायचा आणि तिचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायचं. आत्याचं काम म्हणजे खोळीत कापूस भरायचा, काठीने झोडून सगळीकडे सारखा करायचा, आणि मग दाभणात जाड दोरा ओवून अंतराअंतरावर टाके घालायचे. त्या मऊ ढिगावर गुडघे टेकून, खाली वाकून, दाभण आरपार काढताना तिला गुंगी यायची. हात चालूच असायचे, पण ती स्वतः तिथे नसायची. ही गादी कुणाकडे जाईल, त्यावर कोण निजेल, त्याला काय स्वप्न पडेल, असं तिचं चाललेलं असायचं.

"आज एका लठ्ठ माणसाची गादी केली," ती संध्याकाळी मला सांगायची.

"तुला कसं कळलं लठ्ठ आहे?"

"अगं, स्वप्नात सारखा खात होता."

दुपारी कारखान्याचा मालक शटर अर्धं ओढून घरी जायचा, जेवून झोप काढून सावकाश परत यायचा. बाकीच्या बायाही आपापल्या घरी जायच्या. आत्याला मात्र जायला घर नव्हतं, म्हणजे होतं, पण दुपारच्या वेळी ते आतोबांचं असायचं. मग ती कारखान्याच्या पायरीवर डबा उघडून बसायची. समोर रुंद रस्ता, रस्त्यापलीकडे उंच भिंत आणि भिंतीच्या वर झाडांचे शेंडे. ती बाग होती.

आमची गल्ली त्या बागेच्या इतकी जवळ होती, की वारा सुटला की तिकडची पानं आमच्या दोरीवरच्या कपड्यांत येऊन अडकायची. तरी गल्लीतलं कुणी बागेत जायचं नाही. बागेचं मोठं फाटक होतं पलीकडच्या अंगाला, उंच इमारतींच्या समोर. आमच्या बाजूलाही एक लहान फाटक होतं, पण त्याला गंजलेलं कुलूप, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या फाटकाने जायचं तर भर गर्दीचा रस्ता ओलांडायचा आणि भिंतीला धरून पार वळसा घालायचा. पण खरं सांगायचं तर वळसा काही फार लांबचा नव्हता. आमच्या बायका पाण्यासाठी ह्याच्यापेक्षा जास्त चालत. गोष्ट दुसरीच होती. "येऊ नका" असं कुणी म्हटलेलं नव्हतं, पण "या" असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. गल्लीतल्या ज्या बायका कधी बागेत गेल्या होत्या, त्या कुणाचं तरी मूल सांभाळायला नाहीतर कुणाच्या तरी आजीची चाकाची खुर्ची ढकलायला. स्वतःची स्वतः बागेत जाणारी बाई आम्ही पाहिलेली नव्हती.

"तिथं जाऊन करायचं तरी काय?" आमची शेजारीण एकदा म्हणाली होती.

"बसायचं," मी म्हणाले.

"बसायला घरात जागा नाही का?"

खरं तर तिच्याही घरात नव्हती. पण ते कुणी बोलून दाखवायचं नसतं.

आणि मग त्या वर्षी कारखान्याच्या शेजारच्या दुकानदाराने दुरुस्तीसाठी आपलं पुढचं छप्पर काढलं. आत्याची पायरी उघडी पडली. डबा संपेपर्यंत डोक्यावर ऊन आलं, पायरी तव्यासारखी तापली, आणि समोर भिंतीवरून ते हिरवे शेंडे हलताना दिसत होते. आत्याने मला नंतर सांगितलं, की आपण जायचं असं तिने ठरवलं वगैरे काही नव्हतं. पायच उठले. रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्याने शिवी दिली, तीही तिला कुणी तरी हाक मारल्यासारखी वाटली.

फाटकावर रखवालदार होता. उन्हाने काळवंडलेला, मिशा पिकायला लागलेल्या, गळ्यात शिट्टी.

"कोणाकडे?" त्याने विचारलं.

रोज असाच विचारत असणार तो, त्यात वाईट काही नव्हतं. पण आपण कोणाकडे, हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी असा उभ्या उभ्या विचारलेला नव्हता.

"बाईंकडे," तिच्या तोंडून निघून गेलं.

"कुठल्या बाई?"

"पुढे गेल्यात त्या. हळू चालतात."

"हळू चालतात, तर पुढे कशा गेल्या?"

"हळू चालतात म्हणून तर लवकर निघतात."

रखवालदाराने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्याला बांधलेल्या फडक्यावर, भुवयांवर, पापण्यांवरसुद्धा कापसाचे तंतू होते. तो थोडा बाजूला झाला आणि म्हणाला, "जा मग. वाट बघत असतील."

आत गेल्यावर काय दिसलं, हे आत्या कितीतरी दिवस मला थोडं थोडं सांगत होती. एकदम सगळं तिला सांगताच यायचं नाही. आधी तिला जाणवली ती शांतता. रस्ता तोच, गाड्या त्याच, पण त्यांचा आवाज झाडांपाशी येऊन पातळ व्हायचा, दुसऱ्या कुणाच्या तरी गावातला वाटायचा. मग ऊन. कारखान्याच्या पायरीवर जे ऊन टाळूवर हातोडीसारखं पडत होतं, तेच इथे पानांतून गाळून, तुकड्या-तुकड्यांनी गवतावर येऊन बसलं होतं. तिने मधली फरसबंद वाट सोडली. बाकांवर पत्ते खेळणारे पुरुष होते. गवतावर ठिकठिकाणी माणसं आडवी झालेली होती, कुणी तोंडावर रुमाल टाकलेला, कुणी बूट उशाला घेतलेले. ती पार आतल्या कोपऱ्यात गेली. तिथे रुंद पानांचं एक जुनं झाड होतं, त्याच्या मुळांमध्ये पाळण्यासारखी खोलगट जागा होती. ती आधी नुसती बसली. मग पाठ टेकली. आणि मग, आत्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "वरून कुणी तरी चादर सोडावी तशी झोप आली. अगदी हळू. आधी पायांवर पडली, मग पोटावर, मग तोंडावर."

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या गालावर गवताच्या काडीचा ठसा होता. मी विचारलं तर हसली आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली.

त्यानंतर ती रोज जायला लागली. रखवालदार रोज विचारायचा आणि आत्या रोज सांगायची. त्या नसलेल्या बाईंना हळूहळू अंगरूप यायला लागलं.

"बाईंचा गुडघा कसाय?" रखवालदार विचारायचा.

"आज बराय. काठीसुद्धा घेतली नाही."

"मला कशा दिसत नाहीत हो कधी?"

"तुम्ही चहा प्यायला जाता ना, नेमक्या तेव्हा येतात."

त्याला खरं कळत होतं की नाही, ते सांगता येत नाही. आत्याचं म्हणणं, कळत होतं. विचारताना त्याच्या मिशा हलायच्या म्हणे.

मी एकदा विचारलं, "आत्या, तुझ्या बाई दिसायला कशा आहेत?"

मला वाटलं ती हसेल. पण ती विचारात पडली. "बुटक्या आहेत," ती म्हणाली. "केस पांढरे, मोकळे सोडलेले. झोप लागली की येतात. माझ्या पायाशी बसतात आणि म्हणतात, तू पड, मी आहे जागी."

मला ते ऐकून का कोण जाणे रडू आलं. आत्या मात्र खुशीत होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो कागदासारखा फिकेपणा गेला होता. कारखान्यातल्या बाया तिला चिडवायच्या, की ह्या वयात रंग उजळला, भानगड काय आहे. आत्या मान खाली घालून टाके घालायची.

पण एक दिवस ती झाडाखाली जरा जास्तच गाढ झोपली. इतकी, की एक चेंडू येऊन तिच्या खांद्याला लागला तरी हलली नाही. ज्या मुलीचा चेंडू होता, ती घाबरून ओरडत आईकडे पळाली. आत्याला जाग आली ती तोंडावर पाणी पडल्यावर. डोळे उघडले तर वर आभाळ नाही, नुसते चेहरे. माणसं वाकून बघत होती. पाणी शिंपडलं होतं एका चष्मेवाल्या बाईंनी, त्या बिचाऱ्या काळजीत होत्या. बाकीच्यांचं बोलणं आत्याच्या कानावर अर्धवट झोपेतच पडलं.

"मेलीबिली का काय?"

"कसली मरतेय, पिऊन पडलीय."

"असल्या बायका दुपारी बागेत कशाला येतात, माहीत नाही का तुम्हाला?"

बाग सांभाळणाऱ्या समितीचे अध्यक्ष धापा टाकत आले. निवृत्त गृहस्थ होते, पांढरे बूट, पांढरी टोपी. त्यांनी रखवालदाराला बोलावलं.

"ही कोण? आत कशी आली?"

"बाईंसोबत येते साहेब."

"कुठायत त्या बाई?"

रखवालदाराने आत्याकडे पाहिलं. आत्याला खोटं बोलायला अजून एक संधी होती. पण ती नुकती जागी झाली होती, आणि जाग्या माणसाला तसलं सुचत नाही. "बाई नाहीत," ती म्हणाली. "मी एकटीच येते. झोपायला."

जमलेल्यांत कुणी तरी खो खो हसलं. अध्यक्षांनी फाटकाकडे बोट दाखवलं. आत्या उठली, पायातलं हातात घेतलं आणि तशीच अनवाणी चालत निघाली. तिच्या मागून रखवालदाराला पडणारी बोलणी तिला फाटकापर्यंत ऐकू येत होती. तिला सगळ्यांत जास्त लागलं ते तेच.

बातमी तिच्या आधी गल्लीत पोचली. संध्याकाळी आतोबा निघायच्या तयारीत होते तेव्हा टँकरवरचा त्यांचा जोडीदार खाली रस्त्यावर त्यांना काहीतरी बोलला आणि हसला. आतोबा वर आले ते तोंड पाडून.

"तू बागेत पडली होतीस म्हणे."

"पडले नव्हते. झोपले होते."

"बाईमाणसानं असं उघड्यावर झोपायचं? लोक काय म्हणतील, ह्याचा काही विचार? झोपायला घर नाही का आपल्याला?"

आत्या भांडी पुसत होती. तिने हातातलं ताट फडक्यावर ठेवलं, नेहमीसारखं, आवाज न करता.

"घरात तुम्ही झोपता," ती म्हणाली.

ती काही तक्रार म्हणून बोलली नव्हती. पाऊस आहे, छत्री घ्या, असं सांगावं तसं बोलली.  आतोबा चहा न घेताच गेले. त्या बागेत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, एवढं जिन्यावरून सांगून गेले.

आत्याने ते ऐकलं. पुन्हा ती पायरीवर बसायला लागली, भिंतीकडे पाठ करून.  तिच्या त्या गाद्यांवरच्या माणसांच्या गोष्टीही बंद झाल्या. मी विचारायचे, "आज कुणाची गादी केलीस?" तर म्हणायची, "गादीच होती, दुसरं काय."

आणि मग एके दिवशी टाका घालताना तिला डुलकी लागली. दाभण कापसातून जायचं ते तिच्या अंगठ्यातून आरपार गेलं. शेजारची गादी शिवणारी बाई तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून पट्टी बांधून घरी सोडून गेली. भर दुपारची वेळ. आतोबा झोपलेले. आत्या आवाज न करता आत आली आणि कॉटशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मी शाळेतून लवकर आले होते, दारातच होते. बसल्या बसल्या तिची मान कलली, तोंड उघडं पडलं, आणि ती झोपली.

आतोबांना कशाने जाग आली माहीत नाही. औषधाच्या वासाने असेल. त्यांनी कूस बदलली आणि त्यांना आत्या दिसली. ते उठून बसले. आधी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. मी काही बोलणार तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. कितीतरी वेळ ते तसेच बघत बसले, अनोळखी गावात पहाटे गाडी थांबल्यावर माणूस बाहेर बघतो तसे.

मला ते पुढे कधी तरी म्हणाले, "पोरी, इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती."

त्यांनी तिला उचलून कॉटवर ठेवायचं बघितलं. पण पाठ कॉटला लागताच आत्या दचकून जागी झाली. "अहो, मग तुम्ही कुठं झोपणार?" हेच तिचं पहिलं वाक्य.

आतोबांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी जेवणं उरकल्यावर चादर काढून काखेत मारली.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"झोपायला."

आम्ही तिघं निघालो. फाटकावर तोच रखवालदार होता. आत्याला बघून त्याचा चेहरा कसनुसा झाला, पण आतोबांनी त्याला सरळ नमस्कार केला आणि आम्ही आत गेलो. मला वाटतं, पुरुषमाणूस सोबत होता म्हणून त्याने "कोणाकडे" असं विचारलंच नाही. त्या रुंद पानांच्या झाडाखाली आतोबांनी चादर अंथरली. ते एका कडेला, आत्या एका कडेला, मध्ये मी पुस्तक घेऊन. पानांच्या सावल्या चादरीवर पाण्यासारख्या हलत होत्या. आतोबा पडताच घोरायला लागले. आत्याने थोडा वेळ वाट पाहिली, इकडेतिकडे बघितलं, आणि मग पट्टीचा हात छातीवर घेऊन डोळे मिटले. मी पुस्तक वाचत नव्हते. मला वाटत होतं आपण तिघं एका होडीत आहोत आणि होडी किनाऱ्यापासून हळूच सुटलीय.

आणि शिट्टी वाजली.

रखवालदार समोर उभा होता. लांब वाटेवर पांढरी टोपी दिसत होती. "मावशी, उठा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय."

आत्या उठून बसली. आतोबा घोरतच होते. पलीकडे दोन पुरुष गवतावर हातपाय पसरून पडलेले, त्यांच्याही पुढे आणखी एक. शिट्टीने कुणीच हललं नव्हतं, कारण शिट्टी आपल्यासाठी नाही हे झोपेतही त्यांना माहीत होतं.

"दादा, ह्यांना नाही उठवत?" आत्याने आतोबांकडे बोट दाखवून विचारलं.

"ते... बाप्या माणूस आहेत हो."

"मग मला त्यांच्याइतकंच झोपू द्या. जास्त नको."

रखवालदाराने वाटेकडे वळून पाहिलं. तोवर अध्यक्ष येऊन पोचले.

"पुन्हा तुम्ही? अहो, चार चांगली माणसं येतात इथं. हे वाईट दिसतं."

"वाईट दिसतं ना?" आत्या शांतपणे म्हणाली. "मग तुम्ही तिकडं बघा."

एवढं बोलून ती आडवी झाली आणि तिने डोळे मिटले. मी तिचा श्वास बघत होते, झोपेचं सोंग होतं की काय ते बघायला. सोंग नव्हतं. ती खरंच झोपली होती. अध्यक्षांनी टोपी काढून परत घातली. झोपलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे त्यांना कळेना.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. थोड्याच दिवसांत बागेत नवी पाटी लागली. आत आडवे होण्यास सक्त मनाई आहे. आणि रखवालदाराला हुकूम मिळाला, पाटीची अंमलबजावणी कर.

पुढचं मी पाहिलं नाही, रखवालदारानेच आत्याला सांगितलं. रोज सकाळी उंच इमारतींतली मंडळी हिरवळीवर व्यायाम करत. अध्यक्ष स्वतः तो घेत. शेवटी सगळे पाठीवर झोपून, डोळे मिटून, शरीर सैल सोडून पडत. अध्यक्ष मऊ आवाजात म्हणत, "पावलं विसरा... गुडघे विसरा... आपण ढगावर आहोत..." त्या दिवशी सगळे ढगावर पोचले असताना रखवालदार आला आणि त्याने जीव खाऊन शिट्टी वाजवली.

"काय झालं रे?" अध्यक्ष धडपडत उठले.

"आडवं व्हायचं नाही साहेब. पाटी आहे."

"अरे गाढवा, हा व्यायाम आहे!"

"मावशीपण तेच म्हणतील," रखवालदार म्हणाला. "मी कुणाकुणाच्या मनात शिरू?"

 आणि मग त्या चष्मेवाल्या बाई, ज्यांनी आत्याच्या तोंडावर पाणी शिंपडलं होतं, त्या पडल्या पडल्याच हसायला लागल्या. त्यांचं बघून दुसरी, मग तिसरी. अध्यक्ष सोडून सगळे हसले. "काढून टाका हो ती पाटी," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "नाहीतर मलाही उद्यापासून उभ्यानं झोपावं लागेल."

पाटी निघाली. रखवालदाराला मात्र त्याची सजा मिळाली. मोठ्या फाटकावरून त्याची बदली आमच्या बाजूच्या त्या लहान, कुलूपबंद फाटकावर झाली, जिथे कुणी येत नाही आणि जात नाही. तो काही दिवस खुर्ची टाकून कुलपाकडे बघत बसला. मग एके सकाळी घरून लोखंड कापायची करवत घेऊन आला आणि कुलूप कापायला बसला. "बंद फाटकाची राखण काय करायची?" त्याने आतोबांना विचारलं. आतोबांनी टँकरच्या अवजारपेटीतलं तेल आणलं, दोघांनी मिळून बिजागऱ्यांना लावलं, आणि फाटक उघडलं. समितीत त्यावर पुष्कळ बोलणं झालं म्हणतात, पण उघडलेलं फाटक पुन्हा बंद करायला सगळ्यांसमोर कुणी पुढे झालं नाही.

त्यानंतर आमची गल्ली बागेत एकदम लोटली, असं काही झालं नाही. आधी मुलं गेली. मग कारखान्यातल्या दोन बाया डबे घेऊन आत्याबरोबर यायला लागल्या. शेजारीण अगदी शेवटपर्यंत आली नाही. तिला दुरून फाटकाकडे बघून मान हलवण्यातच समाधान होतं. बागेतल्या बायकांच्या संडासाला कुलूप असायचं ते तसंच राहिलं, त्यामुळे बाया यायच्या त्या थोड्याच वेळापुरत्या. पत्ते खेळणाऱ्यांनी बाक सोडले नाहीत. पण झाडाखाली झोपलेल्या बाईला शिट्टी मारायची नाही, एवढं मात्र न सांगता ठरून गेलं. आतोबा सुट्टीच्या दिवशी यायचे, इतर दिवशी आत्या एकटीच. तिच्या गोष्टीही परत आल्या. आता गाद्यांवरची माणसं एकमेकांच्या स्वप्नात जायला-यायला लागली होती.

मी शिकले, नोकरीला लागले, दुसऱ्या गावी गेले. गाद्यांचा कारखाना बंद पडला. लोक दुकानातून गुंडाळीतल्या तयार गाद्या आणू लागले. आतोबांनी गाडी सोडली, आता ते रात्री घरीच असतात. म्हणजे कॉट दुपारी मोकळी असते. तरी आत्या दुपारी बागेतच जाते. मी विचारलं तर म्हणाली, "सवय नाही गं ती. तिथं झोपलं की मी कुठं तरी जाऊन येते. घरी झोपलं की नुसती घरीच असते."

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा ती घरी नव्हती. मी बागेत गेले. ती झाडाखाली कुशीवर झोपली होती, केस सगळे पांढरे झालेले, अंगावर उन्हाचे छोटे छोटे कवडसे. मी शेजारी बसले. तिला उठवलं नाही. दुपार इतकी संथ होती की पान गळून खाली यायलाही वेळ लावत होतं. तेवढ्यात एक अनोळखी मुलगी जवळ येऊन उभी राहिली. खांद्याला जड पिशवी, पायांत दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांचे असतात तसले चपटे बूट, डोळ्यांखाली काळं. कुठल्याशा दुकानातून सुट्टीच्या वेळात आलेली असावी. ती आत्याकडे बघत होती.

"इथं झोपलं तर चालतं का हो?" तिने मला हळूच विचारलं. "कुणी काही बोलत नाही?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्याने डोळे न उघडताच थोडं सरकून चादरीवर जागा केली.